ग्रीन कार्ड आलं, आता राजीनामा कधी द्यायचा?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतेय. एडिसनमधल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या एका श्रोत्याने पाठवली आहे. अकरा वर्षं एकाच कंपनीत काढली. मागच्या महिन्यात ग्रीन कार्ड हातात आलं. आता दुसऱ्या कंपनीकडून बोलावणं आलंय, पगार चांगला आहे, काम आवडीचं आहे. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर एक म्हणतो सहा महिने थांब, दुसरा म्हणतो वर्षभर जागचा हलू नकोस, आणि तिसरा म्हणतो सिटिझनशिप मिळेपर्यंत गप्प बस. म्हणजे अजून पाच वर्षं! शेवटी तो विचारतो, "ताई, नक्की आकडा काय आहे?"

तर आधी उत्तर सांगून टाकते, मग त्यामागचं कारण बघू. आकडा नाहीये. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की नोकरीच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळालं की त्या कंपनीत इतके महिने काढलेच पाहिजेत. सहा महिने, एक वर्ष हे आकडे येतात ते वकिलांच्या सावधगिरीतून. ती सावधगिरी अगदीच निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. पण सल्ला वेगळा आणि कायदा वेगळा, आणि फॉरवर्ड होता होता सल्ल्याचाच कायदा झालाय.

(नेहमीची सूचना: मी वकील नाही. तुमच्या केसमध्ये काही गुंता असेल तर तासाभराची फी देऊन वकिलाशी बोला.)

आता कारण. नोकरीवरून मिळणाऱ्या बहुतेक ग्रीन कार्डांची साखळी तीन कड्यांची असते. पहिली कडी पर्म. कंपनी अमेरिकेच्या कामगार खात्याला दाखवते की या जागेसाठी, या पगारावर, लायक आणि तयार असलेला अमेरिकन माणूस मिळाला नाही. दुसरी आय-१४०, हा कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज. तिसरी आय-४८५, हा तुमचा स्वतःचा अर्ज. तुमची तारीख आली की हा भरायचा.

आपल्यापैकी बहुतेकांच्या एक गोष्ट लक्षातच येत नाही, कारण आपण त्याच कंपनीत एच-वन-बी वर वर्षानुवर्षं काम करत असतो. ही सगळी साखळी कायद्याच्या नजरेत पुढच्या नोकरीबद्दल असते. आत्ता करताय त्या कामाचं बक्षीस म्हणून कार्ड मिळत नाही. "हा माणूस कायमचा रहिवासी झाल्यावर आम्ही त्याला ही नोकरी देणार आहोत," असं कंपनी म्हणते, आणि "मी ती करणार आहे," असं तुम्ही म्हणता. म्हणजे कार्ड मंजूर होण्याच्या क्षणी दोन इच्छा खऱ्या असायला हव्यात, कंपनीची आणि तुमची. प्रश्न काय तो इथेच असतो. किती दिवस राहिलात, यापेक्षा त्या दिवशी राहण्याचा तुमचा हेतू होता का, हे महत्त्वाचं.

आणि हेतू म्हणजे जन्मभराचा शब्द नव्हे. याच्यावर एक जुना खटला आहे, मला फार आवडतो. १९७९ सालचा, नवव्या सर्किटच्या अपील कोर्टातला, यूई सिंग त्से विरुद्ध आयएनएस. आयएनएस म्हणजे तेव्हाचं इमिग्रेशन खातं. त्से हा चिनी पदार्थ बनवणारा आचारी. त्याची ग्रीन कार्डाची केस आचाऱ्याच्या नोकरीवर उभी होती. पण त्याला पुढे डेंटिस्ट व्हायचं होतं, आणि तसं त्याने लपवलंही नव्हतं. खात्याचं म्हणणं, हा काही कायमचा आचारी राहणार नाही, म्हणून कार्ड नाही. कोर्टाने ते मान्य केलं नाही. कोर्टाच्या म्हणण्याचा सारांश असा, की ज्या कामासाठी मंजुरी मिळाली ते काम वाजवी काळ करण्याचा खरा इरादा असला तर पुरे. माणसाने पुढे आयुष्यभर तेच करावं अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही.

बघा, वाजवी काळ. कोर्टानेही महिने मोजून दिलेले नाहीत. आणि हा वाजवीपणा कंपनी आणि कामगार दोघांच्या बाजूने बघायचा असतो.

मग हेतू कोण कसा तपासणार? डोक्यात तर कोणी डोकावत नाही. बघतात ते कागद आणि तारखा. म्हणून आता थोडं तारखांवर बोलू.

तुमच्या कार्डावर "रहिवासी कधीपासून" अशी एक तारीख छापलेली असते. ती मंजुरीची तारीख असते. पाकीट टपालाने घरी आलं त्या दिवसाशी तिचा संबंध नाही. ही रेघ समजा. रेघेच्या अलीकडे काय घडलं आणि पलीकडे काय घडलं, एवढंच बघायचं.

समजा तुम्ही त्या कंपनीत नऊ वर्षं काम केलंय. मार्चमध्ये कार्ड मंजूर झालं. मे महिन्यात कुणा रिक्रूटरचा मेसेज आला, मुलाखती झाल्या, जुलैमध्ये राजीनामा. इथे संशयाला जागा फार कमी आहे. तुम्ही त्या नोकरीत आधीही होता, नंतरही राहिलात, आणि नवी संधी रेघेच्या पलीकडे आली. माणसाचं मन बदलतं, परिस्थिती बदलते, आणि त्याला कायदा हरकत घेत नाही.

आता दुसरं चित्र. कार्ड मंजूर झालं सोमवारी. पण दोन आठवडे आधीच तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या ऑफरवर सही केलेली, आणि ईमेलमध्ये लिहिलेलं की कार्ड आलं की जॉइन होतो. मंगळवारी राजीनामा. इथे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की मंजुरीच्या दिवशी स्पॉन्सर कंपनीत राहण्याचा तुमचा इरादा नव्हता. वकील जे घाबरवतात ते याला घाबरून. एक वर्ष पूर्ण झालं नाही हा इथला मुद्दा नाहीच. मुद्दा आहे रेघेच्या अलीकडच्या सहीचा.

आणि तिसरं चित्र, जे खरोखर धोक्याचं आहे. कन्सल्टन्सीने फाइल लावली, "भविष्यातली नोकरी" म्हणून. तुम्ही काम करत होता भलत्याच ठिकाणी. कार्ड आलं, आणि तुम्ही त्या कन्सल्टन्सीत एक दिवसही गेला नाहीत. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. फाइल भविष्यातल्या नोकरीवर असणं गैर नाही, पण मग कार्ड आल्यावर ती नोकरी खरंच सुरू करावी लागते. तिथे जागाच नव्हती असं निघालं तर प्रश्न वेगळ्या पातळीवर जातो. अशी केस असेल तर पॉडकास्ट बंद करा आणि वकिलाला फोन लावा. गंमत नाही करत.

मग कंपनीनेच काढलं तर? हा प्रश्न गेल्या काही वर्षांत फार वेळा आलाय, कारण टेकमध्ये कपातीच्या लाटा आल्या. कार्ड मंजूर झाल्यानंतर कंपनीने नारळ दिला तर तो तुमच्या हेतूचा प्रश्नच नाही. तुम्ही राहायला तयार होता. काढल्याचं पत्र मात्र जपून ठेवा, पीडीएफ करून, ऑफिसच्या लॅपटॉपवर नव्हे तर स्वतःच्या ईमेलवर. आणि एच-वन-बी वर असताना नोकरी गेली की साठ दिवसांचं घड्याळ टिकटिक करायला लागतं, तसलं घड्याळ ग्रीन कार्डवाल्याला नसतं. लोक इतके त्या साठ दिवसांत अडकलेले असतात की कार्ड आल्यावरही पहिल्या आठवड्यात मिळेल ती नोकरी पकडतात. गरज नाही. बेकारी भत्त्यासाठीही अर्ज करता येतो, तुमच्या राज्याच्या अटींत बसत असाल तर.

इथे १८० दिवसांचा घोळ सोडवायला हवा, कारण "सहा महिने" या आकड्याचा एक झरा मला वाटतं इथूनही निघतो. २००० साली अमेरिकेत एसी-२१ नावाचा कायदा झाला. त्याने अशी सोय दिली की तुमचा आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले आणि निकाल अजून आला नसेल, तर तुम्ही त्याच किंवा त्याच्यासारख्या कामाच्या दुसऱ्या नोकरीत जाऊ शकता आणि तरी तुमची फाइल चालू राहते. त्यासाठी सप्लिमेंट जे नावाचा फॉर्म नवी कंपनी भरते. "त्याच्यासारखं काम" म्हणजे काय हे बघताना कामगार खात्याच्या व्यवसाय-वर्गीकरणाचे कोड, कामाचं स्वरूप, पगार असं सगळं बघतात. सॉफ्टवेअर डेव्हलपरचा सीनियर डेव्हलपर होणं सहसा चालून जातं. डेव्हलपरने रेस्टॉरंट काढलं तर नाही.

पण ही सोय कार्ड येण्यापूर्वीची आहे! अर्ज अडकून पडला असतानाची. कार्ड आल्यानंतर १८० दिवस मोजायचे असं त्यात काही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ भारताची अर्ज भरण्याची तारीख एकदम पुढे सरकली होती, तेव्हा आपल्यातल्या हजारो लोकांनी आय-४८५ भरले आणि मग वर्षानुवर्षं वाट बघत बसले. त्यातल्या ज्यांनी मधल्या काळात या सोयीने नोकरी बदलली, त्यांच्यासाठी एक चांगली बातमी आहे. हेतू आता जुन्या कंपनीशी बांधलेला नाही. शेवटी ज्या नोकरीवर तुमची फाइल मंजूर झाली, त्या नोकरीशी बांधलेला आहे. मला असे लोक भेटलेत जे कार्ड आल्यावर जुन्या स्पॉन्सरकडे परत जायला हवं का असं विचारतात. नाही हो.

आता कंपनीच्या बाजूने. "आम्ही कार्ड रद्द करू," अशी धमकी काही मॅनेजर देतात. कंपनीला तुमचं ग्रीन कार्ड रद्द करता येत नाही. मंजूर झाल्यावर ते तुमच्या आणि सरकारच्या मधलं आहे. कंपनी फार तर तक्रार करू शकते, आणि तक्रारीत तथ्य हवं. कार्ड परत घ्यायचं तर सरकारला नोटीस द्यावी लागते, तुम्हाला बाजू मांडू द्यावी लागते. कार्ड मुळातच चुकून दिलं गेलं असं वाटलं तर ते परत घेण्यासाठी कायद्यात पाच वर्षांच्या मुदतीची एक वेगळी तरतूद आहे. पण कुणी तीन महिन्यांनी नोकरी सोडली, एवढ्या एका कारणावर ती आपोआप लागू होत नाही.

पैशाचं मात्र बघून घ्या. जॉइन होताना किंवा फाइल सुरू होताना तुम्ही एखादा करार सही केला असेल, की अमुक काळाच्या आत सोडलं तर खर्च परत द्यायचा. हा इमिग्रेशनचा नाही, कराराचा मामला आहे. पण त्यातही एक भिंत आहे. जुलै २००७ पासून लागू असलेल्या कामगार खात्याच्या नियमाप्रमाणे पर्मचा खर्च, कंपनीच्या वकिलाची फी धरून, कंपनीनेच करायचा. तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. आय-१४० आणि आय-४८५ च्या खर्चाबद्दल करार असू शकतो. तेव्हा एचआरने एकूण रकमेचं बिल पुढे टाकलं तर त्यातला पर्मचा भाग किती हे लेखी विचारा. हा एक प्रश्न विचारल्यावर बिलाचा आकडा कसा बदलतो ते बघा.

आता मला जे खरं बोलायचंय ते. या सगळ्या सावधगिरीची किंमत कोणी मोजत नाही. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांची वर्षाची संख्या साधारण १ लाख ४० हजार, त्यात कुटुंबीय धरून. आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारतासारख्या मोठ्या देशालाही तीच आणि आइसलँडलाही तीच. म्हणून २०२४ आणि २०२५ मध्ये ईबी-२ आणि ईबी-३ च्या भारतीय रांगेत २०१२-१३ सालच्या तारखांची माणसं मंजूर होत होती. म्हणजे पंचविशीत रांगेत उभा राहिलेला मुलगा चाळिशीजवळ आल्यावर खिडकीपाशी पोचतो. या काळात तो बढती नाकारतो, कारण पदाचं वर्णन बदललं तर फाइल बिघडेल. शहर बदलत नाही. पगारावर भांडत नाही. मॅनेजर वाट्टेल तसं बोलला तरी ऐकून घेतो. एवढी वर्षं मान खाली घालायची सवय लागली की कार्ड आल्यावरही ती मान वर यायला तयार नसते. मग "अजून एक वर्ष थांबूया" हे सल्ल्यापेक्षा सवयीतूनच जास्त येतं.

साधा हिशोब करा. नवी नोकरी वर्षाला तीस हजार डॉलर जास्त देत असेल आणि तुम्ही ग्रुपवरच्या आकड्यासाठी वर्षभर थांबलात, तर कर कापण्याआधीचे तीस हजार डॉलर तुम्ही एका अफवेला दिलेत. शिवाय पुढचा प्रत्येक पगार त्या खालच्या पायरीवरून मोजला जातो.

तर एडिसनच्या मित्राला माझं उत्तर. अकरा वर्षं तिथे काम केलंस, तीच तुझ्या हेतूची सगळ्यात मोठी साक्ष. ऑफर कार्डानंतर आली आहे. काही महिने थांबणं जमत असेल, नव्या कंपनीची तयारी असेल, तर थांब, मन शांत राहील. जमत नसेल तर फक्त आकड्याच्या भीतीने ऑफर सोडू नकोस. आणि ऑफरची चर्चा मंजुरीच्या आधीपासूनच चालू होती असं असेल, तर ते वकिलाला खरं खरं सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, तुझ्याच वकिलापुढे तर नाहीच.

सिटिझनशिपच्या वेळी काय होतं, हेही बरेच जण विचारतात. बहुतेकांना कार्डावरच्या तारखेपासून पाच वर्षांनी एन-४०० भरता येतो, आणि नव्वद दिवस आधी पाठवता येतो. त्यात मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात. म्हणजे तुम्ही कार्डानंतर लवकर सोडलं असेल तर अधिकाऱ्याला ते दिसणार, आणि तो विचारू शकतो, कारण कार्ड कायदेशीररीत्या मिळालं होतं का हे पाहणं त्याचं कामच आहे. घाबरायचं नाही, खरं उत्तर द्यायचं. त्यासाठी एक फोल्डर आजच करा: स्पॉन्सर कंपनीच्या शेवटच्या पगार-पावत्या, डब्ल्यू-२, मंजुरीची नोटीस, राजीनाम्याचा ईमेल, नव्या ऑफरचं पत्र तारखेसकट. राजीनाम्यात कारणांचं पुराण लावू नका. दोन ओळी पुरतात. "ग्रीन कार्ड मिळालं म्हणून जातोय" हे वाक्य तर चुकूनही नको. हसू नका, लोक लिहितात.

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फाइलवर ज्यांना कार्ड मिळालं त्यांच्यावर हे हेतूचं ओझं नाही. ज्याच्या नावाने नोकरीची फाइल होती, त्याच्यावरच ते असतं. घरातल्या दुसऱ्या माणसाने पहिल्या दिवसापासून काहीही करावं, नोकरी, धंदा, शिक्षण, किंवा काहीच नाही. पण मूळ फाइलच खोटी निघाली तर जोडलेली कार्डंही अडचणीत येतात, हे लक्षात असू द्या.

नव्या नोकरीत रुजू होण्याआधीचं एक छोटं काम सांगते, कारण हे हमखास राहतं. तुमच्या जुन्या सोशल सिक्युरिटी कार्डावर "डीएचएसच्या परवानगीनेच कामासाठी वैध" अशा अर्थाची ओळ असते. ग्रीन कार्ड घेऊन त्या ऑफिसात जा आणि त्या ओळीशिवायचं कार्ड मागा. नंबर तोच राहतो. नव्या कंपनीत आय-९ फॉर्मसाठी मग तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि हे कार्ड पुरतं. "ग्रीन कार्डच दाखवा" असा हट्ट कंपनीला धरता येत नाही, यादीतले कुठले कागद द्यायचे ते तुम्ही ठरवता. नोकरीसाठी घर बदललंत तर दहा दिवसांच्या आत एआर-११ भरून नवा पत्ता कळवा, तो ऑनलाइन होतो.

आणि नवी नोकरी पुण्यातली असेल तर? म्हणजे कार्ड खिशात, आणि काम बाणेर-हिंजवडीत? तो प्रकारच निराळा. तिथे स्पॉन्सर कंपनी किती दिवसांत सोडली हा प्रश्न मागे पडतो, आणि तुम्ही खरंच अमेरिकेत राहताय का हा पुढे येतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त सलग बाहेर राहिलात तर सिटिझनशिपच्या सलग वास्तव्याचं गणित विस्कटू शकतं, आणि वर्षभर किंवा जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. त्यावर पुढचा अख्खा भाग करतेय. तोवर तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनेच पाठवा, पण एका मिनिटात बसवा, प्लीज. मागच्या वेळी एकांनी साडेनऊ मिनिटांची पाठवली होती, आणि त्यातली चार मिनिटं मिक्सर चालू होता.